कॅरोटिनॉइडच्या मापाने बेतलेला कॉलम : सी-३० स्थिर प्रावस्थेचे प्रकरण

द्रव वर्णलेखनात (लिक्विड क्रोमॅटोग्राफीत) मिश्रण वाहत्या द्रावकाबरोबर भरलेल्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, सोडून त्याचे घटक वेगळे करतात. एखादे मिश्रण वेगळे होत नाही असे दिसले की विश्लेषकाचा हात आधी चल प्रावस्थेकडे, म्हणजे त्या वाहत्या द्रावकाकडे, जातो. मिथेनॉलचे प्रमाण कमी-जास्त करणे, अॅसिटोनायट्राइल घालून पाहणे, तापमान चार अंशांनी उतरवणे, हे सगळे एका दिवसात उरकता येते. स्थिर प्रावस्था, म्हणजे घटकांना रोखून धरणारे नळीतले भरण, बदलायची म्हणजे कपाटातला दुसरा कॉलम काढायचा. आणि कपाटातले कॉलम संपले की बहुतेक जण दोन घटकांचे एकच पीक (आलेखावरील शिखर) मान्य करून अहवालात त्यांची बेरीज लिहून मोकळे होतात. येथे ज्या प्रकरणाचा विचार करायचा आहे त्यात कपाटातले कॉलम खरोखरच एकामागून एक संपवले गेले, त्या सगळ्यांच्या निकालांतून काय शिकता येते हे पाहिले गेले, आणि मग बाजारात नसलेली स्थिर प्रावस्था रेणूच्या मापावरून तयार करण्यात आली. अमेरिकेतील राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेत (निस्ट) लेन सँडर, कॅथरीन शार्पलेस, नील क्राफ्ट आणि स्टीफन वाइझ यांनी केलेले हे काम १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यातून निघालेला बहुवारिक सी-३० कॉलम (३० कार्बनच्या साखळ्यांचा दाट, गुंतलेला थर असलेला) आजही कॅरोटिनॉइडच्या, म्हणजे वनस्पतींतील पिवळ्या-लाल रंगद्रव्यांच्या, विश्लेषणात पहिली निवड मानला जातो.

अडचण काय होती

कॅरोटिनॉइड आणि वर्णलेखन यांचे नाते वर्णलेखनाच्या जन्मापासूनचे आहे. मिखाईल त्स्वेत यांनी पानांतील रंगद्रव्ये अधिशोषकाच्या स्तंभातून उतरवून त्यांचे हिरवे-पिवळे पट्टे वेगळे केले आणि १९०६ मध्ये या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. कॅरोटिनॉइड हा शब्दही त्यांनीच पुढे १९११ मध्ये रूढ केला. मधली वीस-पंचवीस वर्षे ही पद्धत जवळजवळ अडगळीत पडली होती. रिचर्ड कून आणि एडगर लेडरर यांनी १९३१ मध्ये ती पुन्हा बाहेर काढली तीही कॅरोटीनसाठीच, आणि तोवर एकच समजल्या जाणाऱ्या कॅरोटीनमधून त्यांनी अल्फा आणि बीटा असे दोन घटक वेगळे करून दाखवले. म्हणजे ज्या रेणूंनी ही पद्धत जन्माला घातली आणि एकदा पुन्हा जिवंत केली, तेच रेणू शतकाच्या अखेरीस आधुनिक उच्च-कार्यक्षमता कॉलमांना दाद देत नव्हते.

याचे कारण रेणूंच्या रचनेतच आहे. बीटा-कॅरोटीनमध्ये ४० कार्बन आणि ५६ हायड्रोजन अणू असतात. अल्फा-कॅरोटीनमध्येही तितकेच, आणि लायकोपीनमध्येही तितकेच. तिघांचे रेण्वीय वस्तुमान सुमारे ५३६.९. अल्फा आणि बीटा यांच्यातील फरक एका टोकाच्या कड्यातील एका दुहेरी बंधाच्या जागेपुरता आहे: बीटा-कॅरोटीनमध्ये तो बंध मधल्या लांब संयुग्मी साखळीला जोडून येतो, अल्फा-कॅरोटीनमध्ये एक घर बाजूला सरकतो आणि ते कडे साखळीपासून वेगळ्या कोनात वळते. लुटीन आणि झिआझँथिन यांची जोडी नेमकी अशीच, फक्त दोन्ही टोकांना एकेक हायड्रॉक्सिल गट असलेली. या यादीत भौमितिक समघटकांची, म्हणजे तेच अणू पण दुहेरी बंधाभोवती वेगळी मांडणी (सिस वाकलेली, ट्रान्स सरळ) असलेल्या रेणूंची, भर पडते. बीटा-कॅरोटीनचा सर्व-ट्रान्स रेणू जवळजवळ सरळ काठीसारखा असतो. १३व्या किंवा १५व्या स्थानी सिस बंध आला की काठी मध्याजवळ वाकते, आणि ९व्या स्थानी आला की टोकाकडे.

पाणी नको असलेल्या कार्बनसाखळीला बिलगून राहणे, एवढ्याच गुणावर वेगळेपणा घडवणाऱ्या साध्या सी-१८ कॉलमला (सिलिकेवर १८ कार्बनच्या साखळ्या बसवलेल्या) हे सगळे रेणू जवळपास सारखेच वाटतात. लुटीन आणि झिआझँथिन अशा कॉलमवर बहुधा एकाच पीकमध्ये येतात. वस्तुमान वर्णपटमापक लावूनही सुटका नाही, कारण समघटकांचे वस्तुमान एकच. शोषण वर्णपटाची थोडी मदत होते. सिस समघटकांत ३४० नॅनोमीटरच्या आसपास एक जादा उंचवटा दिसतो आणि तो १३-सिसमध्ये ९-सिसपेक्षा ठळक असतो. परंतु एकमेकांत मिसळलेल्या पीकमधून अशा खुणा वाचणे म्हणजे अंदाजपंचे काम.

हा निव्वळ नेमकेपणाचा सोस नव्हता. शरीरात अ जीवनसत्त्व होण्याची क्षमता घटकागणिक वेगळी असते: अमेरिकेच्या वैद्यक संस्थेने २००१ मध्ये ठरवलेल्या हिशोबानुसार अन्नातील १२ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीन १ मायक्रोग्रॅम रेटिनॉलच्या बरोबरीचे धरले जाते, अल्फा-कॅरोटीन मात्र २४ मायक्रोग्रॅम लागते, आणि लुटीन किंवा झिआझँथिन या हिशोबात येतच नाहीत. त्या काळात बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांनी कर्करोग टळतो का, हे तपासणाऱ्या मोठ्या चाचण्याही चालू होत्या. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीचा निकाल १९९४ मध्येच आला, आणि रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढलेले आढळले. अशा चाचणीत दिली जाणारी गोळी नेमकी कशाची आहे, कृत्रिम सर्व-ट्रान्स बीटा-कॅरोटीनची की जवळपास निम्मे ९-सिस असू शकणाऱ्या ड्युनालिएला शैवालाच्या अर्काची, हे सांगता न येणे ही विश्लेषणशास्त्राची उणीव होती.

पासष्ट कॉलमांचा पाठ

जुन्या मार्गाने हे समघटक वेगळे होत नव्हते असे नाही. चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या, कॉलमवर कॅरोटीनचे सिस आणि ट्रान्स रेणू उत्तम वेगळे होत, आणि १९८०च्या दशकात उच्च दाबाच्या यंत्रणेतही चुना भरून तसे निकाल मिळवले गेले. परंतु तो कॉलम प्रत्येकाने आपापल्या हाताने भरायचा, चुन्याच्या एका पिशवीचा गुण दुसरीला नाही, द्रावकात किंचित पाणी आले की सगळे बिघडते, आणि ध्रुवीय कॅरोटिनॉइड त्यावर चालत नाहीत. एका प्रयोगशाळेला जमलेले दुसऱ्या प्रयोगशाळेला जमेलच असे नाही. मानक संदर्भ नमुने तयार करणाऱ्या आणि अनेक प्रयोगशाळांच्या मापनांची तुलना करणाऱ्या संस्थेला ही अट चालण्यासारखी नव्हती.

म्हणून या गटाने आधी मोजदाद केली. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६० बाजारी आणि ५ प्रायोगिक असे ६५ कॉलम सात कॅरोटिनॉइडवर तपासण्यात आले, मिथेनॉलवर आधारित आणि अॅसिटोनायट्राइलवर आधारित अशा दोन्ही तऱ्हेच्या द्रावकांत. नुसते पीक वेगळे होतात का एवढेच पाहिले नाही. जेवढे द्रव्य कॉलममध्ये टोचले त्यातले किती परत बाहेर आले, हेही मोजले. कॅरोटिनॉइडच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न सहसा विसरला जातो. हे रेणू ऑक्सिजन, आम्ल, उघडी धातू आणि सक्रिय सिलिका या सगळ्यांना भुलतात. काही भाग कॉलमवरच नासतो किंवा चिकटून राहतो, आणि देखणे पीक देणारा कॉलम प्रत्यक्षात द्रव्य गिळत असू शकतो. मिथेनॉलमध्ये परतावा साधारणपणे चांगला निघाला, आणि अॅसिटोनायट्राइलमध्ये अमोनियम अॅसिटेट घातल्यावर तो सुधारला.

निवडक्षमतेबाबतचा, म्हणजे घटक एकमेकांपासून वेगळे करण्याच्या क्षमतेबाबतचा, निष्कर्ष या प्रकरणाच्या दृष्टीने कळीचा होता. लुटीन–झिआझँथिन आणि अल्फा–बीटा या अवघड जोड्या एकवारिक सी-१८ प्रावस्थांपेक्षा बहुवारिक सी-१८ प्रावस्थांवर अधिक चांगल्या सुटल्या. दोन्हींवर १८ कार्बनच्याच साखळ्या असतात. फरक त्या सिलिकेवर कशा बसवल्या आहेत याचा.

एकवारिक प्रावस्थेत एकच क्लोरीन असलेले सायलेन (कार्बनसाखळी जोडलेले सिलिकॉनचे संयुग) वापरतात. त्याचा प्रत्येक रेणू सिलिकेच्या पृष्ठभागावरील एका सिलॅनॉल गटाशी (सिलिकॉनला जोडलेल्या हायड्रॉक्सिल गटाशी) एकदाच जोडला जातो आणि प्रक्रिया तिथे थांबते. पूर्ण जलयुक्त सिलिकेवर दर चौरस मीटरला सुमारे ८ मायक्रोमोल सिलॅनॉल असतात, पण साखळ्यांना एकमेकींची अडचण होत असल्यामुळे साधारण ३ ते ३.५ मायक्रोमोलच बसू शकतात. बहुवारिक प्रावस्थेत तीन क्लोरीन असलेले सायलेन घेऊन त्यात मोजून पाणी सोडतात. पाण्याने क्लोरीन सुटून सायलेनचे रेणू आपसात जोडले जातात, आणि पृष्ठभागावर दाट, एकमेकींत गुंतलेल्या साखळ्यांचा थर चढतो, ज्याची घनता दर चौरस मीटरला ५ मायक्रोमोल किंवा त्याहून अधिक जाते. कॉलम विकणाऱ्यांच्या दृष्टीने ही पद्धत जरा बदनाम होती. पाण्याचे प्रमाण थोडे हलले की थर बदलतो, म्हणून एका खेपेचा माल दुसऱ्या खेपेसारखा निघत नाही, अशी तक्रार असे. १९८०च्या दशकात उद्योगाचा कल एकवारिक, पुरेपूर एंडकॅप केलेल्या (उरलेले सिलॅनॉल झाकलेल्या), शांत पृष्ठभागाच्या कॉलमांकडेच होता.

बहुवारिक थर रेणूचा आकार ओळखतो, हे सँडर आणि वाइझ यांना आधीच बहुकेंद्री अॅरोमॅटिक हायड्रोकार्बनांच्या कामातून ठाऊक होते. त्यांनी मांडलेले खाचेचे प्रतिमान साधे आहे: दाट उभ्या साखळ्यांमध्ये अरुंद खाचा आहेत असे समजा, लांब, सपाट रेणू अशा खाचेत सहज शिरतो आणि रोखला जातो, जाड किंवा पिळलेला रेणू बाहेरच अडतो आणि लवकर निघून जातो. कॉलम या दृष्टीने कसा आहे हे पाहण्यासाठी निस्टने तीन घटकांचा चाचणी नमुनाही उपलब्ध करून दिला. त्यात पिळलेल्या टेट्राबेंझोनॅफ्थॅलीनच्या धारणाचे (कॉलमवर रोखले जाण्याचे) सपाट बेंझो-ए-पायरीनच्या धारणाशी गुणोत्तर पाहतात: ते १ पेक्षा कमी आले तर कॉलम बहुवारिक वळणाचा, १.७ पेक्षा जास्त आले तर एकवारिक. दहा मिनिटांच्या एका टोचणीत कॉलमची जात कळते, आणि माझ्या मते ही चाचणी आजही जितकी वापरली जावी तितकी वापरली जात नाही.

चार निर्णय

येथून पुढे काम शोधाचे राहिले नाही, आखणीचे झाले. कॅरोटिनॉइडसाठी प्रावस्थेत तीन गुण एकत्र हवेत असे ठरले: भरपूर धारण, आकार ओळखण्याची वाढीव क्षमता, आणि मध्यम प्रमाणातील सिलॅनॉल सक्रियता. हे गुण ज्या घटकांवर अवलंबून आहेत ते एकेक करून ठरवावे लागले, आणि गंमत अशी की प्रत्येक घटक दुसऱ्याच्या आड येतो.

पहिला निर्णय साखळीच्या लांबीचा. कार्बनची साखळी पूर्ण ताणली तर प्रत्येक बंधामागे तिची लांबी सुमारे ०.१२७ नॅनोमीटरने वाढते. या हिशोबाने १८ कार्बनची साखळी जेमतेम २.२ नॅनोमीटर भरते. बीटा-कॅरोटीनचा सर्व-ट्रान्स रेणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ३ नॅनोमीटर आहे. म्हणजे सी-१८ थरात हा रेणू उभा शिरला तरी त्याचे एक टोक बाहेर चल प्रावस्थेत लोंबकळत राहणार, आणि नेमका त्या टोकाच्या कड्यातच फरक असेल तर थराला तो जाणवणार कसा? ३० कार्बनची साखळी ताणलेल्या अवस्थेत ३.७ नॅनोमीटरच्या आसपास जाते. रेणू पूर्ण आत मावतो. प्रत्यक्ष थरातील साखळ्या पूर्ण ताणलेल्या नसतात, वाकलेल्या आणि कललेल्या असतात, म्हणून ही तुलना तंतोतंत घेऊ नये. तरीही कागदावर केलेल्या इतक्या साध्या गुणाकारातून सी-३०ची दिशा स्पष्ट होते. पुढे त्याच वाटेने ३४ कार्बनपर्यंतच्या प्रावस्थाही तयार करून पाहिल्या गेल्या. रूढ झाली ती सी-३०.

दुसरा निर्णय रंध्राचा. सिलिकेचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग कणाच्या आतल्या रंध्रांत असतो. रंध्रे अरुंद, म्हणजे १० नॅनोमीटर किंवा त्याहून कमी, असतील तर क्षेत्रफळ जास्त मिळते आणि धारण वाढते, परंतु त्या अरुंद जागेत बहुवारिक थर नीट वाढत नाही. प्रक्रिया बहुवारिक पद्धतीने केली तरी मिळणारा कॉलम वागतो एकवारिकासारखा. रंध्रे ३० नॅनोमीटरची घेतली तर थर छान वाढतो, आकार चांगला ओळखला जातो, पण क्षेत्रफळ घटते आणि रेणू फार लवकर बाहेर पडतात. या ओढाताणीत २० नॅनोमीटरची सिलिका निवडली गेली. वरवर मधला मार्ग दिसतो, पण तो दोन्हीकडच्या मोजमापांतून आलेला आहे. साखळी लांब केल्यामुळे धारणात झालेली वाढ मोठ्या रंध्राने गेलेल्या क्षेत्रफळाची काही भरपाई करते, म्हणून पहिला निर्णय दुसऱ्याला परवडणारा करतो.

तिसरा निर्णय बांधणीचा, आणि तो आधीच्या ६५ कॉलमांनी जवळपास घेऊनच ठेवला होता: बहुवारिक. यातली मेख पाण्यात आहे. सिलिका किती सुकवली, हवेतून तिने किती ओलावा घेतला, द्रावकात किती पाणी होते, हे सगळे मिळून अभिक्रियेतला एक न लिहिलेला अभिकारक बनतो. यावर उपाय म्हणजे पाण्याला अभिकारकाचाच दर्जा देणे, म्हणजे सिलिका आणि द्रावक यांच्या मिश्रणात ठरलेले पाणी मोजून घालणे आणि मग सायलेन सोडणे. त्यातही लांब साखळीचे सायलेन मेणासारखे असते, थंड द्रावकात विरघळायला कुरकुरते, आणि पाणी आधी त्याला भेटले तर थर सिलिकेवर चढण्याऐवजी द्रावणातच गुठळ्या होतात. अशी गुठळी झालेली खेप मी पाहिली आहे. धुऊन सुकवल्यावर ती पावडर शुभ्र आणि निर्दोष दिसत होती, कार्बनचे शेकडा प्रमाणही अपेक्षेप्रमाणे आले होते, आणि कॉलम भरायला घेतला तेव्हा दाब चढतच गेला. कार्बनचे प्रमाण थरातला कार्बन आणि रंध्राच्या तोंडाशी अडकलेला कार्बन असा भेद करत नाही.

चौथा निर्णय सिलॅनॉलचा, आणि या प्रकरणात मला सर्वांत धाडसी वाटतो तो हाच. तीन क्लोरीनच्या सायलेनमधील सगळे क्लोरीन सिलिकेशी जोडले जात नाहीत. उरलेले पाण्याने सुटतात आणि तिथे नवे सिलॅनॉल तयार होतात. म्हणजे बहुवारिक पद्धत सिलॅनॉल झाकते तितकीच नवेही जन्माला घालते. औषधनिर्मितीतील विश्लेषक सिलॅनॉलचे नाव काढताच कपाळाला हात लावतात, कारण अमाइन गटाची औषधे त्यांना चिकटतात आणि पीकला लांबलचक शेपूट येते. त्यासाठी उरलेले सिलॅनॉल छोट्या ट्रायमिथाइलसायलिल गटांनी झाकण्याची, म्हणजे एंडकॅपिंगची, पद्धत रूढ झाली. कॅरोटिनॉइडमध्ये मात्र नायट्रोजनच नाही. उलट लुटीन, झिआझँथिन, क्रिप्टोझँथिन यांच्यासारखे हायड्रॉक्सिलधारी घटक थोड्याफार सिलॅनॉलमुळे एकमेकांपासून वेगळे होण्यास मदतच होते, आणि सगळे झाकून टाकले तर निवडक्षमतेचा एक हात तुटतो. फार सक्रिय पृष्ठभाग ठेवला तर परतावा घसरतो, हेही आधी मोजलेले होते. त्यामुळे सिलॅनॉल शून्य करण्यामागे न लागता ते मध्यम ठेवले गेले. इतरत्र जो दोष म्हणून घालवला जातो तोच गुण येथे नेमका मोजून राखला गेला.

निकाल

तयार झालेला कॉलम प्रमाणित कॅरोटिनॉइडांच्या मिश्रणावर, अन्नाच्या अर्कावर आणि बीटा-कॅरोटीनच्या पूरक गोळीवर तपासला गेला. लुटीन झिआझँथिनच्या आधी, स्पष्ट अंतर राखून बाहेर आले. अल्फा-कॅरोटीन बीटाच्या आधी. आणि लायकोपीन सगळ्यांच्या मागून, बरेच उशिरा. लवकरच त्याच प्रावस्थेवर मिथेनॉल आणि मिथाइल-टर्ट-ब्युटाइल ईथर यांच्या मिश्रणात सिस समघटकही सुटे झाले: बीटा-कॅरोटीनचे १५-सिस आणि १३-सिस आधी, मग सर्व-ट्रान्स, आणि त्यामागून ९-सिस. चुन्याच्या कॉलमवर जे कसबी हाताला जमत होते ते आता विकत मिळणाऱ्या नळीत जमू लागले.

असे का घडते, याचा एक पुरावा अणुकेंद्रीय चुंबकीय संस्पंदनातून मिळाला. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे क्लाउस आल्बर्ट यांच्या गटाने घन अवस्थेतील कार्बन-१३ वर्णपट घेऊन पाहिले. साखळीचा ताठ, सरळ भाग सुमारे ३२.८ पीपीएमला आणि वाकलेला, हलता भाग ३० पीपीएमला संकेत देतो. सी-३० थरात सामान्य तापमानालाही ताठ भागाचा संकेत ठळक दिसतो, आणि तापमान वाढवत नेले की तो ओसरून हलत्या भागाचा संकेत वर येतो. म्हणजे खाचा आहेत, पण त्या दगडातल्या नाहीत. उबेने त्या विरतात.

याचा प्रत्यय प्रयोगशाळेत फार लवकर येतो. आमच्याकडे एकदा कॉलमचा ओव्हन बंद पडला आणि कोणाच्या लक्षात आले नाही. सकाळच्या टोचण्या ठीक होत्या. दुपारी खोली तापत गेली तसे आधी पीक थोडे लवकर येऊ लागले, मग अल्फा-कॅरोटीन आणि बीटाचे १३-सिस यांच्यामधली दरी भरत गेली, आणि संध्याकाळच्या टोचणीत दोघांचे एक उंच खांद्याचे पीक उरले. सी-१८ कॉलमवर तेवढ्याच तापमानबदलाने धारण हलले असते, पण क्रम आणि अंतर असे मोडले नसते. तेव्हापासून या कॉलमसाठी २० अंश सेल्सिअसच्या आसपासचे, खोलीपेक्षा थोडे खालचे, तापमान ओव्हनने थंड करूनच राखायचे असा नियम आम्ही केला. सवयीने ओव्हन ३५ किंवा ४० अंशांवर ठेवणारे विश्लेषक सी-३० घेतात आणि निराश होतात, त्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

त्याची किंमत

प्रावस्था एका कामासाठी बेतली की दुसऱ्या कामात ती उणी पडणारच. दाट, लांब साखळ्यांच्या थरात रेणूचे आत-बाहेर होणे संथ असते, त्यामुळे तेवढ्याच लांबीच्या चांगल्या एकवारिक कॉलमच्या तुलनेत पीक रुंद येतात. सी-३० जिंकतो तो कार्यक्षमतेवर नाही, निवडक्षमतेवर. लायकोपीन इतके रोखले जाते की ईथरचे प्रमाण चढवत नेल्याशिवाय ते वेळेत बाहेर पडत नाही. नमुना टोचण्यासाठी वापरलेला द्रावक चल प्रावस्थेपेक्षा फार जोरकस असेल तर सुरुवातीचे पीक दुभंगतात, आणि फार सौम्य असेल तर कॅरोटीन कुपीतच खाली बसते. पुढे घन गाभ्याच्या २.६ मायक्रोमीटर कणांवर सी-३० चढवलेले कॉलम आले. रंध्रमय भाग कणाच्या बाहेरच्या पातळ कवचापुरताच असल्यामुळे रेणूंचा आतला प्रवास आखूड झाला आणि पीक अरुंद झाले. थरातला संथपणा मात्र थराबरोबरच येतो.

दुसरीकडे, कॅरोटिनॉइडसाठी केलेले हे काम इतर लांबट समघटकांनाही लागू पडले. ई जीवनसत्त्वातील बीटा आणि गॅमा टोकोफेरॉल यांच्यात एका मिथाइल गटाच्या जागेचा फरक आहे, आणि साध्या सी-१८वर ते एकत्रच येतात. सी-३०वर ते सुटतात. के जीवनसत्त्वाचे सिस आणि ट्रान्स रूपही तसेच.

एक गोष्ट मात्र खाचेच्या प्रतिमानात बसत नाही, आणि ती झाकून ठेवण्यासारखी नाही. प्रतिमान म्हणते की सरळ, लांब रेणू अधिक रोखला जावा आणि वाकलेला आधी सुटावा. १३-सिस आणि १५-सिस तसे वागतात. ९-सिस बीटा-कॅरोटीनही वाकलेलेच आहे, तरी ते सर्व-ट्रान्सच्या नंतर बाहेर येते. वाक टोकाकडे असल्यामुळे रेणूचा लांब सरळ भाग शाबूत राहतो, हे म्हणता येते, पण त्याने फार तर ते सर्व-ट्रान्सच्या जवळ यायला हवे. मागे का जावे, हे नुसत्या लांबी-रुंदीच्या गुणोत्तरातून निघत नाही. थर एका रांगेत उभ्या काठ्यांचा नाही, गुंतलेल्या आणि कललेल्या साखळ्यांचा आहे, आणि त्यात बाकदार टोक अडकून राहण्याच्या जागा असू शकतात, इतपतच मी म्हणेन.

व्यवहारात हाच विक्षिप्त क्रम कामाला येतो. सी-३०ची नवी नळी आली की कोणताही नमुना टोचण्याआधी आम्ही सर्व-ट्रान्स बीटा-कॅरोटीनच्या द्रावणात आयोडीनचा अगदी सौम्य अंश घालून ते थोडा वेळ उजेडात ठेवतो, म्हणजे त्याचे सिस समघटक तयार होतात. त्यात थोडे अल्फा-कॅरोटीन मिसळून २० अंशांवर एक टोचणी घेतो. १३-सिस, अल्फा, सर्व-ट्रान्स, ९-सिस ही चार पीक आणि त्यांच्यामधली तीन अंतरे वहीत त्या नळीच्या क्रमांकाखाली लिहिली जातात. नळी वापरात जुनी होत गेली की हीच टोचणी पुन्हा घेऊन पान शेजारी ठेवून पाहतो. आमच्या वहीत तरी प्रत्येक वेळी सर्वांत आधी आकसलेले अंतर १३-सिस आणि अल्फा यांच्यामधले आहे.